रांगेतून परतलेले प्रेक्षक

हॉलिवूडमधील एका नाट्यगृहाबाहेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी प्रेक्षकांची रांग लागली होती. जिमी किमेल यांच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे चित्रमुद्रण पाहण्यास ही मंडळी आली होती. असे कार्यक्रम दिसतात मध्यरात्रीच्या सुमारास. मुद्रित मात्र होतात दिवसाउजेडी, खऱ्याखुऱ्या प्रेक्षकांसमोर. प्रवेश विनामूल्य असतो, मोबदला द्यावयाचा तो हशा-टाळ्यांचा. त्या दिवशी दारातूनच सर्वांची बोळवण झाली. चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर किमेल यांनी केलेल्या टिप्पणीवरून प्रक्षेपणाचे परवाने देणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीर इशारा दिला, काही स्थानिक केंद्रांच्या मालकांनी कार्यक्रम वगळण्याचे ठरविले आणि एबीसीने तो बेमुदत स्थगित केला.

ती टिप्पणी सुरुचीस धरून होती काय, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्याचा निवाडा प्रेक्षकांनी करावा. न हसणे हीच विनोदी नटाला होणारी सर्वांत कठोर शिक्षा होय. रात्र जागून दशावतार पाहणाऱ्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. परवाना हाती असलेल्याने डोळे वटारावे आणि धनाढ्य कंपनीने मान तुकवावी, हे लोकशाहीस शोभत नाही. लोकक्षोभ उसळला आणि २३ सप्टेंबर रोजी किमेल परतले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

अशा प्रेक्षागृहात दिव्याच्या खुणेवर टाळ्या वाजवून घेता येतात. खरा हशा हुकमाने पिकत नाही; तो हुकमाने बंदही होता कामा नये, असे आम्हांस वाटते.