गुणवत्तेचा डांगोरा आणि कॅनडाचे तीस टक्के

मराठीसाठी कायदेशीर संरक्षण मागितले की एक ठरावीक उत्तर कानी पडते. ज्या भाषेत गुण असेल ती आपोआप टिकेल, कलेला कुंपण कशाला? हे उत्तर परक्यांनी दिले तर आम्ही समजू शकतो. परंतु आपल्यातील शिकलीसवरलेली मंडळीच ते देतात आणि दाखल्यासाठी हटकून पाश्चात्त्य देशांकडे बोट दाखवतात. तेव्हा दाखला तिकडचाच घेऊ. नील यंग, जोनी मिचेल, लेनर्ड कोहेन, ब्रायन ॲडम्स, सेलीन डिऑन ही नावे आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. ही सारी मंडळी कॅनडाची. केवळ गुणाच्या बळावर त्यांच्या देशाचे गाणे उभे राहिले काय, याची थोडी उलटतपासणी करू.

१९६०च्या दशकात इंग्रजी कॅनडाची अडचण सीमाभागातील माणसाला लगेच उमगेल अशी होती. शेजारी दहापट मोठा, भाषा एक, आणि रेडिओवर वाजणाऱ्या तबकड्या बहुतांशी त्या शेजाऱ्याच्या. गुण होताच; पण तो सिद्ध करण्यासाठी सीमा ओलांडावी लागे. यंग १९६६ मध्ये लॉस एंजेलिसला गेले, कोहेन पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला. मिचेलही अमेरिकेत स्थिरावल्या. ‘बघा, त्यांना कुठे कायदा लागला?’ असे प्रतिपक्ष म्हणेल. बरोबर आहे, त्यांना लागला नाही, कारण ते निघून गेले. १९७० मध्ये ॲन मरे आणि ‘द गेस हू’ यांची गाणी अमेरिकेत गाजली, हेही आम्ही मान्य करतो. प्रश्न जो घरी राहतो त्याचा आहे. ज्याला आपल्याच गावी राहून, आपल्याच माणसांसाठी गायचे आहे, त्याने काय करावे?

याचे उत्तर १८ जानेवारी १९७१ पासून अमलात आले. पिएर ज्युनो यांच्या अध्यक्षतेखालील प्रसारण नियामक आयोगाने एएम रेडिओ केंद्रांवर वाजणाऱ्या संगीतापैकी ३० टक्के कॅनडाचे असलेच पाहिजे, असे बंधन घातले. केंद्रचालकांनी ओरड केली की इतके चांगले संगीत देशात आहेच कुठे? (हा युक्तिवाद आमच्या वाचकांना ओळखीचा वाटेल. आधी वाट बंद करायची, मग त्या वाटेने कोणी येत नाही म्हणायचे.) मागणी निर्माण होताच ध्वनिमुद्रणगृहे आली, कंपन्या आल्या, तबकड्या आल्या. १९९८च्या धोरणाने लोकप्रिय संगीताचा वाटा ३५ टक्क्यांवर नेला. देशाच्या प्रमुख संगीत पुरस्कारांचे ‘जुनो’ हे नाव ज्युनोंचाच मान राखून पडले.

किंग्स्टन गावचा ‘द ट्रॅजिकली हिप’ हा वाद्यवृंद या व्यवस्थेत वाढला. अमेरिकेत त्याला घरच्यासारखे यश कधीच मिळाले नाही. तरीही तीस वर्षे तो स्वदेशी भरल्या सभागृहांत गात राहिला. गायक गॉर्ड डाउनी असाध्य आजाराने ग्रस्त असताना २० ऑगस्ट २०१६ रोजी किंग्स्टनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. सार्वजनिक प्रसारण संस्थेने तो दाखवला आणि सुमारे १ कोटी १७ लाख लोकांनी पाहिला, म्हणजे देशातील जवळपास दर तिसऱ्या माणसाने. शेजाऱ्याच्या प्रमाणपत्राशिवाय घडलेली ही कारकीर्द आहे.

कायदा निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. संगीत, कलावंत, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण आणि शब्द या चारपैकी दोन निकष कॅनडाचे हवेत, अशी त्याची व्याख्या. १९९१ मध्ये ब्रायन ॲडम्स यांनी ‘वेकिंग अप द नेबर्स’ हा संग्रह परदेशी सहलेखकाबरोबर आणि मुख्यतः परदेशात केला. परिणामी कॅनडाचा सर्वांत गाजता गायक कॅनडाच्याच नियमानुसार ‘कॅनडाचा’ ठरेना! ॲडम्स संतापले, वृत्तपत्रे हसली. पुढे काय झाले? १९९३ मध्ये व्याख्या दुरुस्त झाली, कायदा राहिला. व्याख्येतील एका चुकीसाठी संपूर्ण संरक्षण फेकून द्या असे सांगणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

आता फ्रेंच भाषेकडे वळू. फ्रेंच परवान्याच्या केंद्रांवर आठवड्यातील लोकप्रिय गायनापैकी ६५ टक्के फ्रेंच असावे लागते. एवढ्यावर नियम थांबत नाही. चालकांनी फ्रेंच गाणी मध्यरात्रीच्या कोनाड्यात ढकलू नयेत म्हणून सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळेत किमान ५५ टक्क्यांची वेगळी अट आहे. पळवाट आधीच ओळखून बुजवणारा असा मसुदा वाचताना वकील म्हणून आम्हांला मनस्वी आनंद होतो. याच क्वेबेकमधून सेलीन डिऑन जगभर गेल्या. १९९० मध्ये पहिल्या इंग्रजी संग्रहानंतर त्यांना तिथला ‘इंग्रजी कलावंत’ हा पुरस्कार देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी तो मंचावरूनच नाकारला.

मात्र एक काळी बाजू आम्ही लपवणार नाही. त्याच क्वेबेकमध्ये ‘कॅश्टिन’ ही जोडी इनू या आदिवासी भाषेत गात असे, आणि तिची गाणी अफाट लोकप्रिय होती. ६५ टक्क्यांच्या हिशेबात इनूला घर नव्हते. १९९० मध्ये ओका येथे मोहॉक लोकांशी संघर्ष पेटला, तेव्हा काही केंद्रांनी कॅश्टिनची गाणी वाजवणेच थांबवले. स्वतःसाठी आकडा मिळवणारा समाज दुसऱ्याचा आकडा विसरू शकतो. गोव्यातील आणि बेळगावातील मराठी माणसानेही हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे काय आहे? राज्यघटनेचे कलम ३५०-क. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्यासाठी राज्य ‘प्रयत्नशील’ राहील, असे ते १९५६ पासून सांगते. प्रयत्नाला माप नसते, त्यामुळे प्रयत्न झाला नाही हे न्यायालयात सिद्ध करणे महाकठीण. ज्युनोंनी केंद्रचालकांना प्रयत्न करायला सांगितले नव्हते; परवान्याला आकडा जोडला होता. आपली निवेदने पाहावीत. ‘मराठीला योग्य स्थान मिळावे’, ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. योग्य म्हणजे किती? पुढील निवेदनाच्या मसुद्यात किती फलक, किती अर्ज, कोणत्या कार्यालयात, किती दिवसांत आणि न केल्यास कोणता दंड, हे लिहिलेले नसेल तर त्यावर आमची सही मागू नये.