धमनीची जाडी आणि अहवालाचा भरवसा

मानेत जबड्याखाली दोन बोटे टेकवली की ठोके लागतात, ती मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. या धमनीच्या भिंतीतील आतल्या दोन थरांची जाडी सोनोग्राफीने मोजता येते. वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांमुळे ती वाढते. म्हणूनच हृदयविकार व पक्षाघाताचा धोका आधीच ओळखणारी चाचणी म्हणून तिची जाहिरात होते.

या म्हणण्याला आधार आहे. इटलीतील संशोधकांनी १९८६ मध्ये ही मोजणी मांडली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सुमारे साडेचार हजार व्यक्ती होत्या. सर्वांत जाड भिंत असलेल्या गटात झटका किंवा पक्षाघाताचा धोका सर्वांत पातळ भिंतीच्या गटाच्या तिपटीहून अधिक निघाला.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ठाऊक असताना ही जाडी नवे काय सांगते? २०१२ मध्ये १४ अभ्यासांतील ४५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा धोक्याचा अंदाज अगदी किंचितच सुधारलेला दिसला. शिवाय फरक असतो मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाचा. मोजणारा हात बदलला तरी आकडा बदलू शकतो. २०१० मध्ये काही रुग्णांसाठी ही चाचणी योग्य मानणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांनी २०१३ मध्ये ती सरसकट करू नये, असे सांगितले.

सोनोग्राफीत धमनीत चरबीचा उंचवटा, म्हणजे प्लाक दिसला, तर गोष्ट निराळी. त्याकडे दुर्लक्ष नको. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे क्षणभर येऊन गेली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

एरवी धोका आहे तो खोट्या दिलाशाचा. रक्तदाब १६० वर, खिशात तंबाखूची पुडी आणि हातात 'जाडी नॉर्मल'चा अहवाल! असा माणूस निर्धास्त घरी जातो आणि गोळ्या सुरू करायच्या राहून जातात. रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मोजला जातो. तो आटोक्यात ठेवणे, साखर तपासणे आणि तंबाखू सोडणे यांनी झटका टळू शकतो. नुसत्या मोजणीने नाही.