दात पांढरे करण्याआधी पाणी आणि खर्रा तपासा

लग्नसराई जवळ आली की ‘दात पांढरे करून मिळतील का?’ ही विचारणा वाढते. कळंबसारख्या तालुक्याच्या गावातूनही तरुण मुले-मुली त्यासाठी यवतमाळ-नागपूर गाठतात. चांगले दिसावेसे वाटण्यात गैर काही नाही. डागाळलेल्या दातांमुळे तोंडावर हात धरून हसणाऱ्या मुलीचा संकोच खरा असतो. मात्र डाग कशाचा आहे हे न पाहता केलेल्या ब्लीचिंगने पैसे वाया जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

यवतमाळ जिल्ह्यात दोन कारणे आधी पाहायला हवीत. पहिले पाणी. जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी पोटात गेले, तर हिरडीखाली घडत असलेल्या दाताचे आवरण कच्चे राहते. मग दातांवर आडवे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत. आठव्या वर्षापर्यंत समोरच्या दातांचे आवरण घडून झालेले असते, म्हणून जपायचे ते त्याआधी. पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

दुसरे कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे डाग दातांवर वरून बसतात आणि दंतवैद्याने दात साफ केले की बरेचसे निघतात. पण खर्रा सुरू असेपर्यंत ते परत येणारच. त्याहून गंभीर म्हणजे तोंडाची आतली त्वचा कडक होऊन जबडा उघडेनासा होतो. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असते. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, त्याने दात पांढरे करण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते.

ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइड वापरतात. त्याने दातांना ठणका लागू शकतो, हिरडी भाजू शकते आणि फ्लोरोसिसचे पांढरे पट्टे सुरुवातीला अधिकच उठून दिसतात. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून तीव्र आणि ६ टक्क्यांपर्यंतचे द्रावण दंतवैद्याच्या देखरेखीशिवाय वापरता येत नाही. १८ वर्षांखालील मुलांवर तर नाहीच. आपल्याकडे मात्र लिंबू, सोडा, कोळशाची पूड असे उपाय मोबाइलवर पाहून केले जातात. त्यांनी झिजलेले आवरण पुन्हा येत नाही.

वाकड्या दातांचेही तसेच. तारांचे उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात आणि नंतर रिटेनर वापरावा लागतो. किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या आधी बऱ्या कराव्या लागतात. किडीमुळे दुधाच्या दाढा लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचे दात वेडेवाकडे येतात. म्हणून ‘दुधाचेच दात, पडतीलच’ हा समज पुढे महागात पडतो.

शालेय आरोग्य तपासणीत एकाच वस्तीतील मुलांचे दात डागाळलेले आढळले, तर नुसती नोंद करून थांबू नये. तिथल्या बोअरवेलचे आणि हातपंपाचे पाणी प्रयोगशाळेत तपासावे, दूषित स्रोतावर ठळक खूण करावी आणि पिण्यासाठी दुसरे पाणी द्यावे. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. मोठ्यांच्या दातांवरचे डाग दंतवैद्य झाकू शकेल. पण त्याच हातपंपावर आज पाणी पिणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचे दात ग्रामपंचायत आणि आरोग्य विभागच वाचवू शकतात.