मळी कोणाच्या नावावर?

बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, सभासदांना दिवाळीची साखर वाटून झाली. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा राज्यातल्या सुमारे दोनशे साखर कारखान्यांची धुराडी पेटू लागलेली असतील. यंदाच्या अंकाचा मोठा भाग आम्ही नद्यांना दिला आहे. सणासुदीला हा विषय कशाला, असे काही स्नेह्यांनी विचारले. पण उसाचा हंगाम आणि नदीची धार बारीक होण्याचे दिवस एकच असतात. याबद्दल बोलायचे तर ते हंगामाच्या तोंडावरच.

मे 2018 मध्ये पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यात चढ्ढा शुगर्स या कारखान्याच्या टाकीतली मळी उतू गेली आणि नाल्यावाटे बियास नदीत उतरली. पाणी तपकिरी झाले, मेलेले मासे थरांनी तरंगू लागले. सिंधू नदीच्या जातीचे डॉल्फिन भारतात फक्त याच बियासमध्ये उरले आहेत. पंजाबच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद केला आणि 5 कोटी रुपये भरायला लावले.

मळी काही विष नव्हे. तीत साखरच असते, आणि नदीला तीच भोवते. पाण्यातले जीवाणू साखरेवर तुटून पडतात, तसा विरघळलेला प्राणवायू संपत जातो. मासे तोंडे वर काढून हवा घेऊ पाहतात आणि गुदमरतात. नदीत सोडायच्या सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी लिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा दंडक आहे. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशमध्ये, म्हणजे तिथल्या सांडपाण्यात, हाच आकडा 40,000 च्याही वर जातो. ‘आमच्या पाण्यात रसायन नाही’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या व्याख्येत जलचरांना अपाय करणारा पाण्यातला कोणताही बदल प्रदूषणच आहे.

कायदा आहे, मग अडते कुठे? बरेचदा पाण्याच्या नमुन्याच्या एका कॅनपाशी. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा तर आधी कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, मग नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून, सह्या घ्याव्या लागतात. यातले काही राहिले तर प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. ही काळजी रास्त आहे, कोणावरही खोटा आळ येऊ नये. पण रात्री सोडलेले पाणी नोटिशीसाठी थांबत नाही. अधिकारी पोचेपर्यंत ते पुढच्या बंधाऱ्याला जाऊन भिडलेले असते.

पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच अनेकदा लागला आहे. वरच्या अंगाला साखर कारखाने आहेत, कापडाचे प्रक्रिया उद्योग आहेत, कोल्हापूर आणि इचलकरंजीचे सांडपाणी आहे. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खरे तर ही पळवाट 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने बुजवली आहे. नुकसान अनेकांच्या मिळून झाले असेल तर भरपाई त्यांच्यात न्याय्य रीतीने वाटून लावता येते. अपघाताने नुकसान झाले, तरी चूक सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

आमचे खरे दुखणे याच्याही पुढचे आहे. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास कारखाने सहकारी आहेत. अशा कारखान्याला दंड झाला की तो भरतो कोण? शेवटी सभासदाच्या ऊसबिलाला कात्री लागते. म्हणजे ज्याच्या विहिरीत मळीचे पाणी उतरले, त्याच्याच खिशातून दंड. ज्याने झडप उघडायला सांगितले तो पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागलेला असतो. 1974 च्या कायद्यात संस्थेच्या कारभाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरण्याची सोय पहिल्यापासून आहे, आणि ती सहकारी कारखान्यालाही लागू होते; ती वापरायला हवी. 2024 ची दुरुस्ती मात्र उलट दिशेला गेली. घाण पाणी सोडण्यासाठी असलेला दीड ते सहा वर्षांचा तुरुंगवास काढून तिथे 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांना ती विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारावी लागते. कोट्यवधींच्या उलाढालीत 15 लाख हा खर्चाचा एक रकाना ठरतो. ही दुरुस्ती आम्हाला चूक वाटते.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहात. वार्षिक सभेत उसाच्या दरावर तासन्‌तास बोलले जाते, ते बोललेच पाहिजे. त्याच सभेत सांडपाणी प्रकल्प हंगामात किती दिवस बंद होता आणि प्रदूषणाचा दंड कोणाच्या निर्णयामुळे बसला, हेही विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. नदीकाठी राहत असाल तर मासे मेल्याच्या दिवशीच तारखेसह छायाचित्र काढा आणि मंडळाला लेखी कळवून पोच घ्या. हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईचा अर्ज 5 वर्षांच्या आत करता येतो.