मेलेली नस आणि विसरलेला हात

लकवा झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक नांदेडजवळच्या आमच्या अर्धापुरात एकच वाक्य घेऊन येतात. "नस मेली बघा, आता काय व्हायलंय?" माझी मामी समोर खाटेवर बसलेली असते. तिचा उजवा हात आणि पाय गेला, कान आणि बुद्धी शाबूत आहे. लोक केळीची फणी ठेवतात, चहा घेतात, डोळे पुसतात आणि तिच्यादेखत हा निकाल देऊन जातात. हेतू कुणाचाच वाईट नसतो. तरीही हे वाक्य खोटं आहे. पहिला आठवडा सरल्यावर मामीचं सर्वांत मोठं नुकसान या वाक्यानं आणि त्यातून आलेल्या वागण्यानं केलं, असं माझं ठाम मत आहे.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी मरतात, मेलेली पेशी उठत नाही, मग ती जी हालचाल चालवत होती ती परत कशी येणार? हा युक्तिवाद अडाणी नाही. मज्जापेशींची रचना उलगडून दाखवणारे आणि १९०६ चं नोबेल मिळवणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनीही प्रौढ मेंदूतले मार्ग ठरलेले आणि न बदलणारे आहेत, असंच लिहून ठेवलं होतं. मात्र हा कठोर निर्णय जमलं तर पुढच्या शास्त्रानं बदलावा, अशी आशा त्यांनी तिथंच व्यक्त केली होती. निकाल तेवढा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, आशा मागं राहिली.

आता उत्तर. मेलेली पेशी उठत नाही हे कबूल. पण हात काही एका पेशीचा नसतो. मेलेल्या जागेभोवती सुजलेल्या, दबलेल्या, कामाविना पडलेल्या जिवंत पेशींचा मोठा पट्टा असतो आणि पुढं काय होणार हे त्या पेशींना काम मिळतं की नाही यावर अवलंबून राहतं. रँडॉल्फ नूडो हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लहान माकडांवर हे दाखवलं. मेंदूत हात चालवणारा जो भाग आहे, त्यातला थोडासा भाग निकामी केला. काही माकडांना नुसतं सोडून दिलं, तर शेजारचा न दुखावलेला हाताचा भागही आकसत गेला. दुसऱ्या गटाला लहान खळग्यातून खाऊचे दाणे बोटांनी काढायला लावलं, रोज, शेकडो वेळा. त्यांचा उरलेला भाग टिकला, काहींच्या मेंदूत तर तो कोपर-खांद्याच्या जागेतही पसरला. म्हणजे "आता राहू द्या, बसा निवांत" असं आपण म्हणतो, तेव्हा जे वाचलेलं असतं तेही घालवत असतो.

केळीला पाणी देणाऱ्या माणसाला हे लवकर पटतं. मुख्य चारी फुटली तर शेजारच्या बारीक दांडानं बारं देता येतं. पाणी कमी जातं, वेळ जास्त लागतो, पण रोज पाणी सोडलं तर दांड रुंदावतो. महिनाभर सोडलं नाही तर त्यात गवत माजतं.

मामीच्या बाबतीत गवत माजू दिलं ते आम्हीच. पहिले दोन महिने घरातल्या कुणी तिला घास हातानं उचलू दिला नाही. सून भरवायची, मुलगा उचलून न्हाणीत न्यायचा. तिनं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या धरला तरी कुणीतरी धावायचं. उठवताना बगलेत हात घालून ओढायचे. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, असं ओढल्यानं सांधा खाली उतरतो. तिचा उतरला. त्या दुखण्यानं ती हात आणखी जवळ ओढून घेऊ लागली. या सगळ्याला आम्ही सेवा म्हणत होतो, आणि मायेपोटीच करत होतो. म्हणूनच हा गैरसमज खोडून काढायला सर्वांत जड जातो.

हात असा वापराबाहेर जाण्याला एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञांनी "शिकलेला ना-वापर" म्हणता येईल असं नाव दिलं. सुरुवातीला हात खरोखरच उचलत नाही, धडपड फुकट जाते, चांगल्या हातानं भागतं, आणि मेंदू दुखावलेला हात न वापरायला शिकतो. पुढं हातात थोडी ताकद परतली तरी ती वापरायची असते हेच तो विसरलेला असतो. टॉब यांचा उपाय ऐकायला निर्दय वाटतो. चांगल्या हाताला जाड मोजा घालून तो अडवायचा आणि दुखावलेल्या हाताला कामाला लावायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २२२ रुग्णांवर हा उपाय तपासला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले आणि बोटा-मनगटात थोडी तरी हालचाल शिल्लक असलेले हे लोक होते. दोन आठवड्यांच्या सरावाचा फायदा वर्षभरानंतरही दिसत होता.

भेटायला येणाऱ्यांचे उपाय वेगळेच होते. कुणी मालिशवाला सुचवला, कुणी कबुतर आणून देतो म्हणाला, त्याचं गरम रक्त चोळायला. कबुतराबद्दल एवढंच सांगतो की बिघाड कवटीच्या आत आहे, कातडीवर चोळलेलं रक्त तिथं पोचत नाही. मालिशीचं तसं नाही. तिनं अंग मोकळं होतं, जिवाला बरं वाटतं, म्हणून ती मी बंद केली नाही. पण मालिशीत हात हलवतो तो मालिशवाला. हलायचा हुकूम मामीच्या मेंदूतून सुटत नाही, आणि सराव व्हायला हवा तो नेमका त्या हुकमाचा.

या वादात महात्मा फुल्यांचं नाव हमखास निघतं, आणि निघायलाच हवं. १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. एकसष्टीच्या घरातल्या या माणसानं डाव्या हातानं लिहायला शिकून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केलं. ते २८ नोव्हेंबर १८९० ला गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. साठीनंतरचा, आघात झालेला मेंदू नवं कसब शिकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा मराठी माणसाला कशाला हवा? पण हेच उदाहरण मामीसमोर दिलं जातं ते "डाव्या हातानं भागव" असं सांगायला. इथं मी थांबवतो. डाव्या हातानं काम काढणं ही एक वाट, उजवा हात परत मिळवणं ही दुसरी. फुल्यांच्या काळी दुसरी वाट दाखवणारं शास्त्र नव्हतं, आणि हातून पुरं व्हायचं काम मोठं होतं. त्यांनी जे केलं ते त्यांच्या काळात शक्य असलेलं सर्वांत मोठं काम होतं. आज दुसरी वाट ठाऊक असताना मामीला ती न दाखवणं हा आपला दोष आहे.

उलट बाजूचा अतिरेकही मला मान्य नाही. मेंदू काहीही करू शकतो, फक्त इच्छाशक्ती हवी, असं सांगणारे आता गावोगावी भाषणं देतात. तामार मेकिन आणि जॉन क्रॅकाउअर या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये या कल्पनेचा सविस्तर समाचार घेतला. मेंदूचा एक भाग दुसऱ्याचं काम नव्यानं उचलतो असं जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं आधीपासून असलेल्या क्षमतेचंच बळावणं असतं, असं त्यांचं म्हणणं आहे. दांड मुळात असावा लागतो. ज्याचे सगळेच मार्ग तुटले त्याला इच्छाशक्तीचा उपदेश करणं म्हणजे त्याच्या दुखण्याचा दोष त्याच्याच माथी मारणं. घाईसुद्धा मारक ठरते. २०१५ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २१०४ रुग्ण होते. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत ज्यांना जास्त वेळ आणि वारंवार उठवलं-चालवलं, त्यांची स्थिती नेहमीची काळजी घेतलेल्यांपेक्षा कमी चांगली राहिली. सराव हे औषध आहे, त्याला वेळ आणि मात्रा दोन्ही आहेत.

"सहा महिने गेले की दार बंद" हे वाक्य मामीला दवाखान्यातून घरी आणतानाच आमच्या कानावर घातलं गेलं होतं. पहिल्या काही महिन्यांत मेंदू ओल्या मातीसारखा सर्वांत सहज घडतो, हे खरं. म्हणूनच ते दोन महिने वाया घालवल्याचं मला इतकं लागतं. पण दार बंद होत नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात २२४ रुग्णांकडून तीन आठवड्यांत ९० तास हाताचा सराव करून घेतला. त्यातल्या निम्म्यांना झटक्याला दीड वर्ष किंवा त्याहून जास्त झालं होतं. तरी हात सुधारले, आणि सुधारणा सहा महिने टिकली.

विरोधकांच्या हातातला सर्वांत जड दगड मीच पुढं ठेवतो, कारण तो आपल्याच देशातला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घेतले, तर सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी होतं का, हा प्रश्न होता. फरक आढळला नाही. यावरून सराव निरुपयोगी ठरतो का? मला तसं दिसत नाही. फिजिओथेरपिस्टचं काम नातेवाइकांच्या गळ्यात घालून भागत नाही, हे त्यातून दिसतं. शिवाय मात्रेचा प्रश्न उरतोच. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत मोजणी झाली, तेव्हा एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्रयोगातले प्राणी दिवसाला चारशे-सहाशे करत होते. तिथं ही गत, तर आठवड्यातून एकदा नांदेड गाठणाऱ्या आमच्या माणसाच्या वाट्याला किती येणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी रोज भेटणारा फिजिओथेरपिस्ट हवा, मोटारसायकलवरून वस्तीवर, तांड्यावर जाणारा. घरच्यांनी त्याच्या सांगण्यावरून सराव करून घ्यावा आणि मोजावा. मुंबईत केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झालं. तेव्हापासून तयार झालेली विद्या आमच्यापासून वीस किलोमीटरवरच्या नांदेडपर्यंत आली आहे. उरलेला रस्ता तिनं चालावा.

मामी आता हळकुंडांवर सराव करते. बोटाएवढं, जरा खडबडीत, पकडायला सोपं. डावा हात पदरात बांधलेला. ती हळकुंडाकडं बघते, खांदा वर येतो, कोपर दुमडतं, अख्खं अंग डावीकडं कलतं. मामा खांद्यावर हलकेच बोट ठेवतो, "हा खाली घे." मग मनगट टेकतं, अंगठा अर्धवट उघडतो आणि हळकुंड मुठीत येतं. पकडणं आधी आलं. सोडणं फार उशिरा आलं. परातीवर मूठ नेऊन ती कितीतरी वेळ थांबायची, बोटं उघडायचीच नाहीत, कपाळावर घाम यायचा. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "उगं कशाला तरास द्यायलाव तिला?" मामीच बोलली, "थांबा की वैनी, मोज चुकायलीय."

मोज मामा ठेवतो, केळीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर. सोमवार १४०, बुधवार १६५, गुरुवार १५०, शुक्रवार १८०. मंगळवारच्या रकान्यात प्रत्येक आठवड्याला शून्य आहे. त्या दिवशी ते तिला उपचारासाठी नांदेडला नेतात.