वरचे गाव, खालचे गाव

सह्याद्रीत भीमाशंकर येथे उगम पावलेली भीमा नदी पूर्वेकडे वाहत वाहत पुणे जिल्ह्याच्या सपाटीवर येते. येथे काही अंतरापर्यंत तिच्या उत्तर तीरावर शिरूर तालुका व दक्षिण तीरावर दौंड तालुका वसलेला आहे. तुळापुराजवळ इंद्रायणी तिला येऊन मिळते. रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठेचा संगम होतो. शिरूर गावाच्या कडेने जाणारी घोड नदीही शेवटी तिच्यातच विलीन होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाच्या धारा कोसळत असतात, तेव्हा या दोन तालुक्यांतील शेतकरी मात्र आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो; कारण हा सारा मुलूख पर्जन्यछायेत पडतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. अशा ठिकाणी नदी आहे म्हणून शेत आहे, आणि शेत आहे म्हणून घरात चूल पेटते.

तरीही या नदीकाठच्या गावांत रोज सकाळी काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. अंगण झाडले जाते. केराची टोपली गावाबाहेर ओढ्याच्या कडेला रिकामी होते. मोरीतील साबणाचे पाणी गटारात व तेथून ओढ्यात जाते. घर स्वच्छ झाले असे मानून मंडळी आपापल्या उद्योगाला लागतात. ‘टाकून दिले’ हे शब्द किती सहजपणे उच्चारले जातात! ते उच्चारले की ती वस्तू दृष्टीआड होते आणि मनातूनही जाते. परंतु ती नाहीशी झालेली नसते. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारी जाऊन पोहोचते. हवा, पाणी आणि माती यांवर शक्य तितका कमी भार घालून जगावे, असा विचार आज जगभर मांडला जात आहे. त्यासाठी कोणी अमुक वस्तू विकत घ्यावी असे सांगतो, तर कोणी तमुक वस्तू वर्ज्य करावी असे सांगतो. पण याद्या पाठ करण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे. टाकलेले जाते कोठे?

या प्रश्नाचे उत्तर दौंड तालुक्यातील नदीकाठच्या शेतकऱ्याइतके नीट दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? खडकवासल्याच्या धरणाचे पाणी या तालुक्यात दोन वाटांनी येते. एक वाट कालव्याची. मुठेच्या उजव्या कालव्यातून हे पाणी हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांच्या शेतांकडे जाते. दुसरी वाट नदीची. याच धरणाचे पाणी पुणे शहराच्या नळांतून घराघरांत जाते, तेथे स्नाने होतात, भांडी व कपडे धुतले जातात, आणि मग ते पाणी मुळा-मुठेत उतरते. त्यातील काही शुद्ध करून सोडले जाते, काही तसेच जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित ठरविलेल्या नदीपट्ट्यांत मुळा-मुठेचे नाव आहे. एकाच धरणातून निघालेले पाणी. पण कालव्यातील पाणी व नदीतील पाणी ओंजळीत घेऊन पाहिले, तर ती दोन भावंडे आहेत असे कोणास वाटणार नाही.

उन्हाळ्यात नदीचे पात्र दुरून हिरवेगार दिसते. परगावच्या पाहुण्यास ते दृश्य रम्यही वाटेल. ती हिरवाई असते जलपर्णीची. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही पाणवनस्पती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद खाऊन झपाट्याने वाढते. तिचा गालिचा पसरला की सूर्यप्रकाश पाण्यात पोहोचत नाही. ती कुजू लागली की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. मासेमारीवर पोट भरणाऱ्या भोई कुटुंबाची जाळी तिच्यात अडकतात, डासांना मात्र आयता आसरा मिळतो. हिरवे दिसणारे सारेच निसर्गाला हितकारक असते असे नाही, हे येथे ध्यानात येते.

तेव्हा दौंडचा रहिवासी पुणेकरांना नावे ठेवतो, आणि त्याचा राग रास्त आहे. शहराने आपले मैले पाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे. हे काम यंत्रांचे व नगरपालनाचे आहे. खेड्यातील एखाद्या मुलाने दात घासताना नळ बंद केला, म्हणून ते काम होणार नाही. असे असताना सारा दोष लहानांच्या सवयींवर ढकलणे अन्यायाचे होईल.

परंतु नदी दौंडला थांबत नाही. ती पुढे उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर त्या जलाशयाचे पाणी पिते. त्याही पुढे पंढरपुरास तीच भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि चंद्रभागा म्हणून पूजिली जाते. म्हणजे पुण्याच्या दृष्टीने जे दौंड खालचे गाव आहे, तेच सोलापूरच्या व पंढरपूरच्या दृष्टीने वरचे गाव ठरते. पुणेकराकडे बोट दाखविणाऱ्याने हेही पाहिले पाहिजे की, आपल्या ओढ्याच्या कडेचा उकिरडा पहिल्या पावसात कोणाकडे निघाला आहे.

आषाढी वारीसाठी देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी यवत व वरवंड या दौंड तालुक्यातील गावी मुक्काम करते. यवतला वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात. घरोघरी भाकरी थापल्या जातात, परातींत पिठले घोटले जाते आणि हजारो माणसे तृप्त होऊन पुढे जातात. असे आतिथ्य क्वचितच पाहावयास मिळते. अशा पंगतीस पूर्वी पळसाच्या पानांची पत्रावळ असे. जेवण झाले की ती गुरांपुढे किंवा खतखड्ड्यात जाई, आणि दोन-चार महिन्यांत तिची माती होई. मग थर्मोकोलची ताटे आली, प्लास्टिकचे पेले आले. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा वस्तूंवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकची ताटे व पेले देशभर वर्ज्य झाले. तथापि चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचाच पातळ मुलामा असतो, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वाटेवर टाकलेला असा पेला ओढ्यातून वाहत गेला, तर तो कोठे जाईल? ज्या चंद्रभागेत स्नान करावयास वारकरी निघाला आहे, त्याच दिशेने. वारीच्या वाटेवर पुन्हा पानांची पत्रावळ आणि धुऊन वापरता येणारे पितळी किंवा पोलादी पेले दिसू लागले, तर त्यात सेवेला काही उणेपणा येणार नाही.

घरातील लहानसहान गोष्टींचा हिशेब सोपा आहे. गळक्या नळातून सेकंदाला एक थेंब पडतो असे धरले, तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हे चार लिटरांहून अधिक पाणी झाले. उन्हाळ्यात ज्या वाडीला टँकरची वाट पाहावी लागते, तेथे चार लिटर पाण्याची किंमत लहान मुलासही समजते. भाजीची देठे, शिळे अन्न व पालापाचोळा यांचे खत होते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फेकले, तर तेच अन्न गाईला पिशवीसकट पोटात घ्यावे लागते. कापडी पिशवीचेही तसेच आहे. जुन्या लुगड्याची किंवा धोतराची पिशवी दहा वर्षे टिकते. मात्र दर बाजाराला नवी कोरी कापडी पिशवी विकत घेणाऱ्याने पृथ्वीचा भार कमी केला, असे म्हणता येणार नाही; कारण कापूस पिकविण्यास पाणी लागतेच. अलीकडे दुकानांतून ‘निसर्गस्नेही’ म्हणून ज्या वस्तू विकल्या जातात, त्यांतील कित्येकांपेक्षा घरातील जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे हेच अधिक निसर्गस्नेही असते.

आता शेताकडे वळावे, कारण शिरूर-दौंडच्या बाबतीत खरा मोठा विषय तेथेच आहे. कालव्यांमुळे आणि नद्यांवरील बंधाऱ्यांमुळे या भागात उसाचे मळे पसरले. ऊस तुटून कारखान्यास गेला की शेतात वाळलेल्या पानांचा थर उरतो. त्यास पाचट म्हणतात. सायंकाळी कोणीतरी त्यास काडी लावतो, क्षणात ज्वाळा उठतात आणि मळ्यावर काळा धूर पसरतो. दुसऱ्या दिवशी रान मोकळे झालेले असते. शेतकऱ्यास हे सोयीचे वाटते, आणि त्याची कारणे अगदीच खोटी नाहीत. पाचटामुळे उंदीर होतात, पाणी नीट पुढे सरत नाही, खोडव्याचे कोंब दबतात, मजूर मिळत नाहीत, अशा त्याच्या तक्रारी असतात.

परंतु तो जाळतो काय, हे पाहिले पाहिजे. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र असते. म्हणजे दहा टन पाचटात चाळीस ते पन्नास किलो नत्र झाले. युरियाच्या सुमारे दोन गोण्यांतून मिळते तेवढे! पाचट पेटविले की हे नत्र बहुतेक सारे हवेत जाते. पालाश राखेत थोडाफार उरतो. पण ज्या सेंद्रिय पदार्थामुळे माती भुसभुशीत राहते व ओल धरते, तो जळून जातो. मग तोच शेतकरी दुकानात जाऊन युरियाची गोणी उसनवारीने आणतो. शेजारच्या घरातील आजारी माणूस धुराने खोकत असतो, ते वेगळेच.

यावर उपाय अवघड नाही. ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीलगत छाटावेत, म्हणजे कोंब जोमाने फुटतात. पाचट सरीत पसरावे, त्यावर थोडा युरिया व सुपर फॉस्फेट टाकून पाचट कुजविणारे जिवाणू मिसळावेत, आणि पाणी द्यावे. काही महिन्यांत पाचटाचे खत होते. दरम्यान त्या आच्छादनाखाली जमिनीतील ओल लवकर उडत नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्याही कमी लागतात. ज्या मुलखात पाऊस एवढा तुटपुंजा आणि ऊस एवढा तहानलेला, तेथे हा लाभ खताहूनही मोठा मानला पाहिजे.

गुऱ्हाळाची जुनी रीतही अशीच विचारी होती. दौंड तालुक्यात आजही पुष्कळ गुऱ्हाळे आहेत. उसाचा रस काढून उरलेले चिपाड वाळवायचे आणि त्याच्याच जाळावर तो रस आटवून गूळ करायचा, अशी ही रीत. उसाने स्वतःचे इंधन स्वतःबरोबर आणलेले असते. त्या चुलाणात चिपाडाऐवजी टायरचे किंवा प्लास्टिकचे तुकडे टाकले, तर पैसे वाचतील; पण विषारी धूर आसमंतात पसरेल आणि तो प्रथम जाळ घालणाऱ्या मजुराच्याच छातीत जाईल.

जुने ते सारे सोने, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जुन्या घरातील मातीची चूल चित्रात सुंदर दिसते. तिच्यापुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आजीच्या डोळ्यांतील पाणी चित्रात दिसत नाही. लाकडाच्या धुराने स्त्रियांच्या छातीचे व डोळ्यांचे फार नुकसान झाले. स्वच्छ इंधन घरात आले, हे चांगलेच झाले. राखेने भांडी घासणे चांगले, म्हणून कोणी पुन्हा धुरात बसावे, असे सांगणे निर्दयपणाचे होईल.

पाचट ठेवावे की जाळावे, पत्रावळ पानाची असावी की प्लास्टिकची, केर खड्ड्यात जावा की ओढ्यात, हे ठरविण्यास मात्र कोणत्याही शहराची वा सरकारची वाट पाहावी लागत नाही. ते त्या त्या घरातच ठरते, आणि पुष्कळदा घरातील शाळकरी मुलाने विचारलेल्या एका प्रश्नावरून ठरते. मोठ्या कामांना वेळ लागतो. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाहाय्याचा करार २०१६ साली झाला. अशा योजना कागदावरून नदीपर्यंत पोहोचण्यास वर्षानुवर्षे जातात. भीमा तोपर्यंत वाहतच असते. रांजणगाव सांडसच्या संगमावरून ती दौंडच्या पुलाखाली येते, उजनीच्या विस्तीर्ण जलाशयात काही काळ विसावते, आणि तेथून तिचे काही पाणी सोलापूरच्या नळांकडे, तर काही पंढरपूरच्या वाळवंटाकडे निघते.