ईदच्या सकाळी बायका कुठे असतात?

ईदच्या नमाजमध्ये आम्हा शाफईंच्या पहिल्या रकअतीत सात जादा तकबिरी असतात, दुसऱ्या रकअतीत पाच. हे मला कुठल्या किताबातून शिकावं लागलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरात मशिदीचा भोंगा स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वच्छ ऐकू येतो. शिरखुर्म्याचं दूध ढवळता ढवळता मी लहानपणापासून त्या तकबिरी मोजत आले. सफेत उभं राहून त्या पहिल्यांदा म्हटल्या तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि गाव माझं नव्हतं. ते जकार्ता होतं. तारीख २२ एप्रिल २०२३.

धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. रजा टाकून रमजानच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडे गेले. त्या आठवड्यात ते शहर रिकामं होत जातं. कोट्यवधी माणसं आपापल्या गावी निघतात, त्याला तिकडे ‘मुदिक’ म्हणतात. गणपतीला मुंबईचा चाकरमानी कोकणात निघतो तसंच, फक्त देशभर. सणाआधी मालकाने कामगाराला बोनस द्यायचाच असा कायदा आहे. वर्ष भरलेल्याला पूर्ण एका महिन्याचा पगार. भावाच्या घरी काम करणारी बाई जाताना माझ्या हातावर हात ठेवून माफी मागून गेली. काय चुकलं म्हणून विचारलं तर भाऊ हसला. ईदला इथे सगळेच सगळ्यांची माफी मागतात म्हणे, उघड झालेल्या चुकांची आणि मनातल्यांचीही.

चंद्राचा घोळ तिथेही आहे. मुहम्मदिया ही त्यांची मोठी संघटना गणिताने तारीख काढते, तिची ईद शुक्रवारी झाली. सरकारने शनिवार जाहीर केला. एकाच गल्लीत दोन ईद. आपल्याकडे असं झालं असतं तर व्हॉट्सअॅपवर किती जणांचा ईमान गेला असता, हिशोब नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. पहिल्या रात्री तरावीहला भावाची बायको मला मशिदीत घेऊन गेली. मी दारात थबकले. चाळीस वर्षांची सवय, पाय उचलेना. माझ्याकडे तिकडच्या बायका नमाजला घालतात तो पायघोळ पांढरा पोशाख, ‘मुकेना’, नव्हता. तिने आतल्या मांडणीकडे बोट दाखवलं. तिथे धुतलेले मुकेना टांगलेले होते. वाट चुकून आलेल्या, प्रवासातल्या, विसरलेल्या कुणाही बाईसाठी. मॉलमध्ये तसेच, स्टेशनवर तसेच.

ती मांडणी पाहिली आणि मला हजरत उम्मे अतिया यांची हदीस आठवली. बुखारीत आहे, मुस्लिममध्येही आहे. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी ईदला बायकांना बाहेर काढायला सांगितलं. तरुण मुलींना, पडद्यात बसणाऱ्यांना, अगदी पाळी चालू असलेल्यांनाही; त्यांनी नमाजच्या जागेपासून बाजूला राहावं, पण दुआत सामील व्हावं. एकीने विचारलं, एखादीकडे जिलबाब नसेल तर? तर तिच्या मैत्रिणीने तिला आपला द्यावा. म्हणजे कपडा नाही ही सबबसुद्धा चालली नाही. आणि आपल्याकडे कुठल्या कुठल्या सबबी चालतात!

जागा नाही म्हणतात. जकार्तात आम्ही मैदानात होतो. गवतावर वर्तमानपत्रं, वर जानमाज. पुढे पुरुष, मागे बायका, मध्ये मोकळी पट्टी. आपली ईदगाह तर मैदानच असते. दहा सफा मागे वाढवायला कुणाची परवानगी लागते?

स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न मला एका शिकलेल्या माणसाने विचारलाय. नारळाच्या झापांत विणलेला भात, केतुपात, तिथे आदल्या दिवशीच शिजतो. सोबत नारळाच्या रसातली कोंबडी. कोकणातल्या बाईला ते ताट परकं वाटत नाही. नमाज होऊन घरी आलो आणि सगळे एकदमच जेवलो. आपली तांदळाची भाकरी तासभर थांबली तर दीन बुडत नाही.

मग निघतो फितना. हनफी उलेमांनी नंतरच्या काळात बायकांना मशिदीपासून रोखलं ते या कारणाने, हे मला माहीत आहे. हजरत आयशा यांचं म्हणणंही माहीत आहे, की बायकांचं आताचं वागणं रसूलुल्लाहंनी पाहिलं असतं तर त्यांना मशिदीतून रोखलं असतं. पण बुखारीतच आहे की हजरत उमर यांना पत्नीचं मशिदीत जाणं रुचत नव्हतं, तरी त्यांनी अडवलं नाही, कारण अल्लाहच्या बांद्यांना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका हा हुकूम त्यांच्यासमोर होता. आणि कोकणातल्या आपण बहुतेक शाफई, इंडोनेशियातलेही शाफई. आपल्या मसलकात ईदची नमाज बाईसाठीही सुन्नत आहे. नटूनथटून, अत्तर लावून येऊ नये, ही अट आहे. अट मान्य. अटीची बंदी कुणी केली?

बरं, याच गावातल्या बायका उमऱ्याला जाऊन येतात. काबागृहासमोर जमातीत नमाज पढतात. परत आल्या की गावच्या मशिदीच्या पायरीपाशी थांबतात. तिथे फितना नव्हता आणि इथे आहे?

पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये मशिदीतल्या प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच लिहून दिलं की इस्लाम बायकांना मशिदीत यायला मनाई करत नाही. म्हणजे मनाई शरियतमध्ये नाही, आपल्या ट्रस्टच्या बैठकीत आहे.

इंडोनेशियात सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही. त्याच देशात आचे प्रांतात चौकात फटके मारतात, बायकांनाही. आपल्याकडे केरळात बायका ईदगाहला जातात, महाराष्ट्रातही काही मशिदींत सोय आहे, तेव्हा उदाहरणासाठी समुद्र ओलांडायची गरजच नव्हती. मला ओलांडावा लागला, कारण माझ्या गावात ते दार नाही.

त्या सकाळी अम्मीला फोन केला. गावातही ईद त्याच दिवशी होती. सांगितलं, मैदानात नमाज पढले. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, “खुतबा ऐकू आला का नीट?” तिचं वय सत्तरच्या पुढे आहे. आमच्या भोंग्यावर खुतबा घरघरतो, शब्द कळत नाहीत.

तर जमातीच्या विश्वस्तांना सांगणं एवढंच. ईदगाहच्या मागच्या बाजूला एक कनात, एक वेगळं फाटक, एक स्पीकर. कनातीचं भाडं आम्ही भरू, जानमाज घरून आणू. शाबानच्या बैठकीत हा विषय घ्या. आणि त्या बैठकीला आम्हालाही बोलवा.